क्षुल्लक तक्रारींची चाळणी

तुरुंगात गेलेल्या माणसाला आपल्याकडे ‘सरकारचा जावई’ म्हणतात. हा वाक्प्रचार आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरही चालतो आणि घाटाखालीही, आणि तो उच्चारताना आपण काही क्रूर बोललो असे कोणालाच वाटत नाही. वास्तविक त्या दोन शब्दांत एक संपूर्ण न्यायनिवाडा दडलेला आहे. जावयाचे खाणेपिणे सासऱ्याच्या खर्चाने होते. ताटात तूप कमी पडले म्हणून त्याने रुसावे आणि बाकीच्यांनी ते हसण्यावारी न्यावे, अशी रीत आहे. कैद्याला एकदा जावई ठरवले की त्याची प्रत्येक तक्रार आपोआप रुसवा ठरते. खऱ्या जावयाची निदान समजूत तरी काढली जाते.

याच वाक्प्रचाराचे कायद्याच्या भाषेतले भावंड म्हणजे ‘क्षुल्लक’ हा शब्द. न्यायालयाचा वेळ मोलाचा आहे, प्रलंबित खटल्यांचा डोंगर उभा आहे, अशा वेळी बंदिवानांच्या क्षुल्लक तक्रारी उंबरठ्यावरच अडवल्या पाहिजेत, असे मत परवा कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर एका ज्येष्ठ वकिलांनी मोठ्या ठामपणे मांडले. “डास चावतात म्हणून माणूस न्यायाधीशांपुढे जातो म्हणजे काय? उद्या उशी मागेल, परवा पंखा!” उपस्थितांनी माना डोलावल्या. मीही त्यांच्यातच बसलो होतो आणि, कबूल करतो, त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या टपरीवरचे उशिरा सुचलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो. चाळणी हवी. तुरुंगातून येणारी प्रत्येक तक्रार खरी नसते. काही सूडापोटी होतात, काही वेळ जात नाही म्हणून होतात, काहींत तर तक्रारदारालाही नेमके काय हवे ते ठाऊक नसते. आलेला प्रत्येक कागद पूर्ण सुनावणीला घ्यायचा ठरवला तर कोणतीही न्यायव्यवस्था कोलमडेल. माझे भांडण चाळणी कोणाच्या हातात आहे आणि तिची भोके कोणत्या मापाने पाडली आहेत, याच्याशी आहे.

डासांचे उदाहरण वकीलसाहेबांनी हवेतून काढलेले नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तळोजा कारागृहातील एका आरोपीने मुंबईच्या सत्र न्यायालयात मेलेल्या डासांची प्लास्टिकची बाटली दाखवली होती. मच्छरदाणी वापरू द्यावी एवढीच त्याची मागणी होती. मच्छरदाणीमुळे सुरक्षेला धोका पोहोचतो असे कारागृहाचे म्हणणे पडले, न्यायालयाने मागणी नाकारली आणि ओडोमॉससारखे मलम वापरण्याची मुभा दिली. आरोपी टोळीयुद्धाच्या जगातला, नाव गाजलेला. त्यामुळे बातमी चवीने वाचली गेली. परंतु क्षणभर माणूस बाजूला ठेवून त्याची कृती पाहावी. तक्रारदाराने पुरावा आणावा अशी कायद्याची अपेक्षा असते. बंदिवानाकडे छायाचित्रक नाही, स्वतःचा डॉक्टर नाही, साक्षीदार म्हणाल तर बराकीतले इतर बंदीच. बराक उचलून न्यायालयात आणता येत नाही, म्हणून त्याने डास आणले. दुसरे काय आणणार होता? मच्छरदाणीच्या दोरीचा गळफास होऊ शकतो या भीतीत तथ्य असेलही. तसे असल्यास, ‘मग डासांचे तुम्ही काय करणार?’ हा पुढचा प्रश्न कारागृहाला विचारायचा असतो. मलम हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ती त्या प्रश्नातून करून घेतलेली सुटका आहे.

त्याच तळोजात दोन वर्षांपूर्वी काय झाले ते आठवावे. फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पार्किन्सनच्या विकाराने हात थरथरत, पेला तोंडापर्यंत नेता येत नसे. पाणी प्यायला नळी, म्हणजे स्ट्रॉ, आणि तिच्यासह येणारा पेला लागे. ६ नोव्हेंबरला त्यांनी त्यासाठी विशेष न्यायालयात अर्ज केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले. २६ नोव्हेंबरला उत्तर आले: असे काही आम्ही जप्तच केलेले नाही. अर्ज फेटाळला गेला, नवा अर्ज करावा लागला, नवी तारीख पडली. पुढे कारागृहाने ती वस्तू पुरवली. ५ जुलै २०२१ रोजी, त्यांच्या जामिनाचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे असतानाच, स्वामी वारले.

स्ट्रॉ कोणाच्या ताब्यात होती हा वाद कागदोपत्री नियमबद्धच होता. अर्ज, म्हणणे, प्रतिम्हणणे, आदेश, सगळे यथासांग. पण एका म्हाताऱ्याला पाणी कसे पाजावे हा प्रश्न तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सकाळच्या फेरीत पाच मिनिटांत सोडवायचा असतो. तो वीस दिवसांच्या तारखेपर्यंत पोहोचलाच कसा, हे मला अस्वस्थ करते. प्रश्न क्षुल्लक होता म्हणून कोणी सोडवला नाही, आणि कोणी सोडवला नाही म्हणून तो न्यायालयात आला. तेथे आल्यावर पुन्हा त्याला क्षुल्लक म्हणायचे, हा कोणता न्याय?

गौतम नवलखा यांचा चष्मा नोव्हेंबर २०२० मध्ये याच कारागृहात चोरीला गेला आणि घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा कारागृहाने घेतला नाही. तेव्हा उच्च न्यायालयाने माणुसकीची आठवण करून दिली आणि कारागृहाच्या अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची वेळ आली आहे असे सुनावले. त्यानंतर दीड वर्षाने, एप्रिल २०२२ मध्ये, उच्च न्यायालयापुढे असे आले की त्यांच्यासाठी पाठवलेले पी. जी. वुडहाउसचे पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून अडवण्यात आले होते. पु.लं.चा लाडका वुडहाउस! ज्याच्या जगात सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे गाईच्या आकाराचे चांदीचे दूधपात्र पळवणे, त्याच्यापासून राज्याच्या सुरक्षेला धोका. न्यायमूर्तींनाही ते हास्यास्पद वाटले आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले. कार्यशाळा झाली असेल तर तिच्या अभ्यासक्रमात विनोदी वाङ्मय नसावे.

असो. मुद्दा असा की बाहेरच्या जगात वस्तूचे मोल बाजार ठरवतो आणि आतल्या जगात अभाव ठरवतो. आपल्याला तहान लागली तर आपण उठून माठाकडे जातो, चष्मा फुटला तर संध्याकाळपर्यंत दुसरा करून घेतो, डास फार झाले तर खिडकीला जाळी मारतो. या हालचालींना आपण हक्क म्हणत नाही, कारण त्यांच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. बंदिवानाच्या आयुष्यातून राज्यसंस्थेने या सगळ्या हालचाली काढून घेतल्या आणि प्रत्येकीच्या जागी एक अर्ज ठेवला. एकदा तो अर्ज ठेवला की त्याच्या उत्तराची जबाबदारीही तिचीच. आपल्या, म्हणजे मोकळ्या माणसाच्या, मापाने पाहिले तर तुरुंगातून आलेली जवळजवळ प्रत्येक मागणी क्षुल्लकच दिसणार. ते माप चाळणीला लावले की काहीच वर उरत नाही.

हा गोंधळ एकट्या आपल्या देशातला नाही. अमेरिकेत तर १९९६ साली त्याचा रीतसर कायदा झाला. २६ एप्रिल १९९६ रोजी बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने आलेल्या त्या कायद्याने, सरकार किंवा त्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध कैद्याने केलेला दिवाणी दावा प्रतिवादीला बोलावण्याआधीच न्यायालयाने तपासावा आणि तो क्षुल्लक, द्वेषमूलक किंवा निराधार वाटला तर तेथेच काढून टाकावा, असे ठरवले. ‘कैदी’ या शब्दाच्या व्याख्येत शिक्षा झालेला जसा येतो तसा केवळ आरोप असलेला, खटल्याची वाट पाहत असलेला माणूसही येतो. शिवाय आधी तुरुंगातील अंतर्गत तक्रारीच्या सर्व पायऱ्या चढून आल्याखेरीज दावाच करता येत नाही. त्या पायऱ्यांची मुदत तुरुंगच ठरवतो. कॅलिफोर्नियात ती १५ कामकाजाच्या दिवसांची होती, आणि ती चुकली तर न्यायालयाचे दारही बंद, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. परिणाम व्हायचा तोच झाला. १९९५ ते २००१ या काळात तुरुंगांतली माणसे वाढत गेली आणि त्यांचे दावे सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. तुरुंग तेवढ्या प्रमाणात सुधारले होते असे कोणी म्हणाले नाही.

हा कायदा आणताना लोकमत तयार करण्यासाठी ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांतली एक शेंगदाण्याच्या लोण्याची. एका कैद्याला म्हणे दाणेदार लोण्याऐवजी गुळगुळीत लोणी मिळाले म्हणून त्याने सरकारवर दावा लावला! देशभर हशा पिकला. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने तुरुंगाच्या दुकानातून बरण्या मागवल्या होत्या. एक चुकीची आली, ती त्याने परत केली. बदली बरणी मिळण्याआधीच त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवले. पैसे मात्र त्याच्या खात्यातून कापलेले तसेच राहिले. अडीच डॉलर. अडीच डॉलर क्षुल्लक असतील, परंतु परत घेतलेल्या मालाचे पैसे ठेवून घेणे याला आमच्या खामगावच्या बाजारातही वेगळा शब्द आहे. न्यूमन यांनी १९९६ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केले तोवर कायदा तयारच होता. विनोद सत्याच्या पुढे धावतो, कारण त्याला कागद वाचावे लागत नाहीत.

तरीही अमेरिकन कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आपल्याला लाजवणारी आहे. तेथे चाळणी न्यायाधीशाच्या हातात असते. दावा फेटाळला तरी त्याला क्रमांक असतो, आदेश असतो, आणि न्यूमन यांच्यासारखा कोणी पुढे जाऊन तो वाचू शकतो. आपल्याकडे अशा प्राथमिक छाननीचा कायदा नाही, म्हणून चाळणीच नाही असा गोड गैरसमज आहे. आपली चाळणी तुरुंगाच्या आतच टांगलेली आहे.

न्यायालयाने काय करावे, याचा वस्तुपाठ खरे तर महाराष्ट्रातच घडून गेला आहे. भारत संरक्षण नियम, १९६२ खाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. लिहायला परवानगी होती. लिहून झाल्यावर हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती राज्य सरकारने नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली, विषय निव्वळ शास्त्रीय असल्याची खात्री करून घेतली आणि हस्तलिखित संझगिरींच्या पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले! एका मराठी विज्ञानपुस्तकाला अडवण्यासाठी. ज्या भाषेत विज्ञानपुस्तकांना प्रकाशक मिळत नाहीत त्या भाषेत.

सरकारचा युक्तिवाद मासलेवाईक होता. आणीबाणी चालू आहे, मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित आहे. आणि स्थानबद्धाला नियमावलीत लिहिलेले आहेत तेवढेच हक्क, पुस्तक बाहेर पाठवणे त्यांत नाही. म्हणजे दार बंद, आणि दाराआड काही शिल्लकही नाही. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला. नियमावली ही निर्बंधांची यादी आहे, कृपेने दिलेल्या सवलतींची नव्हे, असे त्यांनी सांगितले. सरकारचे म्हणणे मान्य केले तर नियमावलीत जेवणाचा उल्लेख नसल्यास स्थानबद्धाला उपाशीही ठेवता येईल, असा त्याचा अर्थ त्यांनी उलगडून दाखवला. ज्या निर्बंधाला नियमाचाच आधार नाही, त्याविरुद्ध दाद मागायला आणीबाणीतही दार उघडे आहे. त्याच दिवशी भारतीय फौजांनी लाहोरच्या रोखाने सीमा ओलांडली होती. देश युद्धात, आणि न्यायालय एका हस्तलिखितापाशी थांबले आहे. याहून ‘क्षुल्लक’ प्रकरण त्या दिवशी देशात दुसरे कोणते असणार?

मराठी वाचकाने तरी तुरुंगातल्या कागदांना क्षुल्लक म्हणण्यापूर्वी आपले कपाट उघडून पाहावे. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले आणि टिळकांच्या सुटकेनंतरही त्याच्या वह्या काही काळ सरकारकडे अडकल्या होत्या. विनोबांची गीता-प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती तेथेच टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. कागद, शाई आणि दिव्याचा उजेड या त्या ग्रंथांच्या मागच्या मागण्या होत्या. आपण ग्रंथांच्या जयंत्या करतो आणि मागण्यांना जावयाचा रुसवा म्हणतो.

संझगिरी प्रकरणानंतर बारा वर्षांनी महाराष्ट्रातूनच दुसरे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे दार लावून घेतले गेले. आणीबाणीतील स्थानबद्धांनी त्यांना लावलेल्या अटींना, म्हणजे १९७१ च्या महाराष्ट्र स्थानबद्धता अटी आदेशाला, मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने याचिका ऐकल्या आणि त्यातील अनेक अटी अवाजवी ठरवून रद्द केल्या. त्या काळात याला धैर्य लागत होते. भारत सरकार विरुद्ध भानुदास कृष्ण गावडे या नावाने ते प्रकरण वर गेले. २५ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे या याचिका चालूच शकत नाहीत. अटी योग्य की अयोग्य हा प्रश्नच उरला नाही. विचारणाऱ्याला विचारण्याचा अधिकार नाही, एवढ्यावर विषय संपला. निवडणुकीची घोषणा होऊन तेव्हा आठवडा लोटला होता. निकाल देणाऱ्या पीठावर न्या. बेग होते. आदल्या एप्रिलमध्ये जबलपूरच्या गाजलेल्या प्रकरणात, सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, असे मत त्यांनी नोंदवले होते. जावई झाले, लेकरू झाले. हक्क असलेला नागरिक तेवढा या नात्यागोत्यांत बसत नाही.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल पुसून टाकला. गावडे निकाल ज्या खांबावर उभा होता तो आता नाही. परंतु तुरुंग चालवणे हे तुरुंगाधिकाऱ्याचे काम आहे, न्यायालयाने त्यात लक्ष घालू नये, ही त्यामागची वृत्ती कोणत्याही घटनादुरुस्तीने पुसली गेली नाही. ओडोमॉसच्या सल्ल्यात ती आहे, वीस दिवसांच्या तारखेत ती आहे.

मध्यंतरी एक उजळ कालखंड येऊन गेला. तिहारमधील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांबद्दल लिहिलेल्या पत्राचेही तसेच झाले. तिने भेटलेल्या पंधरा स्त्री-बंदींपैकी पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते, आणि १९८३ च्या निकालाने स्त्रियांच्या कोठड्यांसाठी नियम घालून दिले. बत्रा प्रकरणातील २० डिसेंबर १९७९ च्या निकालातला एक आदेश मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. प्रत्येक तुरुंगात तक्रारपेटी असावी, ती जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या अखत्यारीत असावी, त्यांनीच ती उघडावी आणि प्रत्येक बंदिवानाला तिच्यापर्यंत जाता यावे. एक साधी लाकडी पेटी. पण चाळणी कोणाच्या हातात असावी या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर तिच्या किल्लीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी तेच पुन्हा सांगितले: बंदिवानाची तक्रार न्यायसंस्थेपर्यंत जाताना तिच्या मजकुराची छाटणी होता कामा नये.

आता बुलढाण्याकडे येतो. वर ज्यांची नावे आली त्यांच्यामागे वकील होते, वृत्तपत्रे होती, मुंबई होती. आर्थर रोड, येरवडा, तळोजा, नागपूर ही नावे निकालपत्रांतून फिरत असतात. जिल्हा कारागृहातला बंदी म्हणजे बहुधा कच्चा कैदी. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदकडचा, चोरीच्या, हाणामारीच्या, दारूच्या गुन्ह्यातला, जामीन झालेला असला तरी जामीनदार न मिळालेला. डिसेंबर २०२२ अखेर देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजून निर्दोष. या माणसाच्या घरचे मुलाकातीला घाट चढून एसटीने येतात, येण्याजाण्यात एक मजुरी बुडते. बराकीत अंथरूण पसरायला जागा नाही, डॉक्टर वेळेवर येत नाही, कोणी मारले, यांतले काही त्याला न्यायालयाला सांगायचे आहे. तारखेला न्यायाधीशांपुढे उभे केले तर सांगता येईल, परंतु हल्ली तारीख पुष्कळदा पडद्यावरच होते, आणि कॅमेऱ्यापुढे उभे असताना शेजारी कोण उभे असते ते सांगायला नको. राहिला अर्ज. तो अधीक्षकांच्या कार्यालयातून जाणार. तक्रार ज्यांच्याविरुद्ध, टपालही त्यांच्याच हाती. शिक्षेविरुद्धचे अपीलही तुरुंगामार्फत जाते, पण त्याला मुदत असते, निकालाची नोंद न्यायालयात असते, ते न पोहोचल्यास कोणाच्या तरी लक्षात येते. तक्रार मात्र येणार आहे हेच बाहेर कोणाला माहीत नसते. न पोहोचलेल्या तक्रारीला आवक क्रमांक नसतो.

आणि उच्च न्यायालयात जायचे म्हटले तर नागपूर. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेथे खंडपीठ आहे. नागपूर साडेतीनशेच्या घरात. पण वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता आणि पलीकडचा मुलूख निजामाकडे, ही जुनी रेघ अजून पुसलेली नाही, म्हणून आमच्या जिल्ह्याचे कागद नागपूरलाच जातात. (वऱ्हाडी माणूस म्हणून मला नागपूरचे वावडे नाही. पण मुलाकातीसाठी मजुरी बुडवणाऱ्या बाईला वकील गाठायला साडेतीनशे किलोमीटर जा म्हणणे, हीदेखील एक चाळणीच.)

यावर वकीलसाहेबांचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो. अधीक्षकही माणूसच आहे. मनुष्यबळ अपुरे, बराकी भरलेल्या, पैसा वरून येतो. सगळे खरे आहे, आणि माझ्याच बाजूचे आहे. ज्या अधिकाऱ्याच्या हातात जागा वाढवणे नाही, डॉक्टर नेमणे नाही, त्याच्याच हातात त्यांबद्दलची तक्रार अडवणे मात्र आहे, ही त्याच्यावरही केलेली अन्यायकारक योजना आहे. तक्रार वर गेली तर त्याचेच गाऱ्हाणे वर जाईल. दुसरा आक्षेप न्यायालयाच्या वेळेचा. न्या. सुब्बा राव यांच्यापुढे युद्ध होते. आपल्यापुढे तारखा आहेत. पाणी पिण्याच्या नळीवर एक अर्ज, एक उत्तर, एक फेटाळणी, दुसरा अर्ज आणि दुसरी तारीख इतका वेळ गेला, तो तक्रार ऐकल्यामुळे गेला की पहिल्या दिवशी न ऐकल्यामुळे? छाननी जरूर करावी. ती न्यायाधीशाने करावी, कागद वाचून करावी आणि नाकारायचे तर दोन ओळींत कारण लिहून नाकारावे. अनुक्रमणिका वाचायला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना फार वेळ लागला नसावा.

टपरीवर जे बोलता आले नाही ते असे लिहून काढल्यावर मी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्जही तयार केला. आमच्या जिल्हा कारागृहातील तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, गेल्या तीन वर्षांत ती कोणत्या तारखांना आणि कोणी उघडली, तीतून किती तक्रारी निघाल्या आणि कितींना लेखी उत्तर दिले गेले, असे प्रश्न आहेत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून तो काल वकीलसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली, आणि म्हणाले, “पहिला प्रश्न बदला. आधी विचारा, पेटी आहे का?”